काजाच्या मशीनमधलं पत्र

मी जळकी बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ही साळसूदपणाचा आव आणून बोलत होती. शेजारणीने नवा पडदा लावला तरी माझ्या पोटात दुखतं, मग नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं काय घेऊन बसलात.

तिला मी 'पहिली' म्हणते. नाव माहीत आहे, पण तोंडात घेत नाही. ती आमच्या ह्यांना 'अरे' म्हणायची, घटस्फोटानंतरही म्हणते. मी मात्र 'अहो'च्या पुढे गेले नाही, आणि त्या एका 'अरे'पायी मी किती रात्री कूस बदलत काढल्यात ते माझं मला माहीत.

आमचे हे शिलाई मशीन दुरुस्त करतात. दुकान एकच, मधे प्लायवूडची भिंत. पुढे मी लोकांचे कपडे आखूड-लांब करते, मागे हे मशीनची आतडी काढून बसलेले असतात. कोर्ट दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून माझ्याकडे काळे कोट फार येतात. वकील माणसं दरवर्षी कमरेत वाढतात आणि दोष कापडाला देतात, त्यावर आमचं बरं चाललंय.

लग्न केलं तेव्हा मी एकोणचाळीसची होते. यांच्या घटस्फोटाला जेमतेम महिना झाला होता. मूल व्हावं अशी दोघांचीही इच्छा होती, म्हणून उशीर न करता डॉक्टरकडे गेलो आणि दुसऱ्या तपासणीतच कळलं की गाडं माझ्या बाजूने अडलंय, आणि ते हलणार नाही. हे म्हणाले, नसलं तर नसलं. त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. पण रस्त्यातून बाबागाडी गेली की हे तिच्या चाकांकडे बघायचे. चाक कुरकुरतंय म्हणून बघतो, असं म्हणायचे.

लग्नाला दहा महिने झाले असतील, तेव्हा ते पत्र आलं. हे एका कारखान्यात मशीनं बघायला गेले होते. पोस्टमनने पावती पुढे केली, मी सही ठोकली आणि लिफाफा उघडला. यांची पत्रं मीच उघडते. नवऱ्याचं पत्र उघडायला लाज कसली?

पत्र नोंदणी कार्यालयाचं होतं. अमुक तारखेला अमुक बाईंना, म्हणजे पहिलीला, मुलगी झाली आहे. घटस्फोटाला तीनशे दिवस व्हायच्या आत ती जन्मल्यामुळे कायद्यानुसार पूर्वीचे पती हेच तिचे पिता ठरतात, व तशी नोंद केली आहे. हे मान्य नसल्यास पत्र हाती पडल्यापासून एका वर्षाच्या आत कोर्टात अर्ज करावा. त्यानंतर कोणतीही हरकत ऐकली जाणार नाही.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि खडूने खुणा करत दिवस मोजले. दोनशे एकाहत्तर. मग मूल पोटात किती राहतं ते वजा केलं आणि जी तारीख आली तिच्याभोवती खडूने गोल काढला. घटस्फोटानंतर पाच-सहा दिवसांनी, आमचं लग्न व्हायच्या आधी, हे तिच्या घरी राहिलेली हत्यारांची पेटी आणायला गेले होते. सकाळी गेले ते संध्याकाळी उगवले, तेही गुणगुणत. माझा नवरा गुणगुणत नाही. त्या दिवशी मी काही बोलले नव्हते, पण मनात गाठ मारून ठेवली होती. ती आता सुटली.

पहिली तेव्हा एका बेकरीवाल्याबरोबर राहत होती, हे मला ठाऊक होतं. दोन वर्षं राहत होती. शहाण्या बाईने म्हटलं असतं, मूल त्याचंच असणार. पण मी शहाणी कुठली? माझ्या डोळ्यांसमोर एकच दिसत होतं: हे पत्र वाचणार, चप्पल घालणार आणि तिच्या दारात जाऊन उभे राहणार. मला जे देता आलं नाही ते तिने देऊन ठेवलंय, तेही सरकारी शिक्क्यानिशी.

म्हणून मी पत्र लपवलं. फाडून टाकायला हवं होतं, पण सरकारी कागद फाडायचा धीर होईना. कोपऱ्यात काजाचं जुनं मशीन होतं, महिन्यातून एकदा वापरायचे मी ते. त्याचं डोकं बिजागरीवर मागे कलंडतं, आणि खाली तेल नि धागे पडायला पत्र्याचं तबक असतं. लिफाफ्यात पत्र चार घड्या घालून कोंबलं, लिफाफा तबकाखाली सारला, डोकं खाली केलं, वर झाकण घातलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मशीनवाल्याच्या घरात मशीनमध्ये लपवलंस? पण माझं ऐका. गावभरची मशीनं नीट करणारा माणूस घरच्या मशीनला हात लावत नाही. वर्षभर कानीकपाळी ओरडले तरी माझ्या मशीनच्या शटलचा खडखडाट यांनी काढला नव्हता. आमच्या घरात मशीनच्या पोटाइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती, असंच मी धरून चालले होते. त्या लिफाफ्याला मी पुन्हा हात लावला नाही. तो डोळ्यांसमोरच नको होता.

ते वर्ष कसं गेलं ते विचारू नका. मी वाट वाकडी करून बेकरीच्या गल्लीतून जायचे. समोरच्या चपलांच्या दुकानात उभी राहून चपला उलट्यासुलट्या करायचे आणि काचेतून पलीकडे बघायचे. पोरगी कधी पिठाच्या पोत्याला टेकून बसवलेली असायची, कधी बेकरीवाल्याच्या खांद्यावर. तो गल्ल्यावर बसून एका हाताने पाव गुंडाळायचा आणि दुसऱ्याने तिची पाठ थोपटायचा. मी तिचं नाक बघायचे. एका दिवशी ते हुबेहूब यांचं वाटायचं, दुसऱ्या दिवशी अजिबात नाही. त्या नादात मला नको असलेले चपलांचे तीन जोड विकत घ्यावे लागले.

घरी मात्र सगळं सुरळीत. इतकं, की मला नवल वाटायचं. रविवारी मी सकाळी आईकडे जाते, दुपारी परत येते. आधी रविवारी हे दहापर्यंत लोळायचे. त्या वर्षी म्हणू लागले, तू जाऊन ये निवांत, मी दुकान झाडून ठेवतो. परत यावं तर फरशी पुसलेली, मशीनं लखलखीत, शटलचा खडखडाटसुद्धा गेलेला. मी यांना चिडवायचे की स्वारी उशिरा का होईना संसाराला लागली. आईला कौतुकाने सांगायचे. आईही म्हणायची, नशीब काढलंस.

पत्राला तेरा महिने झाले आणि पहिली स्वतःच दुकानात आली. कडेवर पोरगी. मी एका कोटाचं अस्तर उसवत होते, ती कात्री हातातच राहिली. तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि थेट भिंतीमागे यांना हाक मारली, अरे, जरा बाहेर ये. माझ्या पायाची आग मस्तकात गेली.

तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं. पोरीला पाळणाघरात घालायचं होतं. तिथे बापाची सही मागितली. बेकरीवाल्याने केली, तर बाईंनी कागद बघून सांगितलं की हे तर वडील नाहीत. दवाखान्यातही तेच. लस टोचायची तर बाप म्हणून यांचं नाव. हरकत घ्यायचा हक्क कायद्याने फक्त यांना. आईला नाही, आणि ज्याचं मूल त्यालाही नाही. नोंदणीवाल्यांनी पत्र पाठवलंय म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तिला वाटलं की हे आपणहून अर्ज करतील. बेकरीवाला मानी, तो म्हणायचा मी त्याच्या दारात जाणार नाही. वाट बघण्यात वर्ष उलटलं. तू अर्ज का केला नाहीस, असं तिने विचारलं. रागाने नाही, रडकुंडीला येऊन.

हे तेलाच्या फडक्याला हात पुसत उभे होते. म्हणाले, "कसलं पत्र?"

मी खाली मान घालून उसवत राहिले. अस्तर संपलं तरी उसवत होते, कोटाची चांगली शिवणही उसवली.

पोरगी तेवढ्यात यांच्याकडे झेपावली. यांचे हात कायम तेलकट, म्हणून कुणी हात पुढे केला की हे मनगट पुढे करतात, ती सवयच आहे. तिला त्यांनी मनगट दिलं. तिने ते घट्ट धरलं आणि चावायला लागली, तिला दात येत होते. हे तसेच उभे राहिले. मी मनात म्हटलं, पुरे आता, सोडा. आणि एकीकडे मला काही समजेनासं झालं होतं, कारण पहिलीलाही हेच हवं होतं जे मला हवं होतं. यांचं नाव त्या पोरीवरून पुसलं जावं, एवढंच. आणि ते पुसायची मुदत मीच मशीनखाली दाबून संपवली होती.

दोन दिवसांनी आमच्या गिऱ्हाईक असलेल्या एक वकीलबाई पँट घालून बघायला आल्या. त्या स्टुलावर उभ्या, मी तोंडात टाचण्या धरून खाली बसलेली. मी दुसऱ्याच कुणाची म्हणून हकीकत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की मुदत पत्र नवऱ्याच्या हाती पडल्यापासून धरतात. त्याच्या हाती ते पडलंच नसेल, तर अजून मार्ग आहे. पण नुसतं तसं म्हणून चालत नाही. पोस्टाच्या पावतीवर ज्याची सही आहे त्याने कोर्टात उभं राहून सांगायला हवं की मी घेतलं, मी दिलं नाही. मग त्यांनी खाली बघितलं.

"पावतीवर सही तुमची आहे का?"

टाचण्या तोंडात असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी ते समजून घेतलं.

त्या संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. ताट वाढलं, समोर बसले आणि एका दमात बोलून मोकळी झाले. पत्र आलं होतं, मी घेतलं, मी लपवलं, मला वाटलं पोरगी तुमची आहे. हत्यारांच्या पेटीचंसुद्धा बोलले. मला वाटलं आता ताट भिरकावतील. निदान दोन दिवस अबोला तरी धरतील.

यांनी घास संपवला. म्हणाले, त्या दिवशी पेटी सापडत नव्हती, आणि तिच्या बिघडलेल्या मशीनपायी उशीर झाला. ते मशीन तीन ठिकाणी दाखवून बंदच होतं, ते मी चालू केलं, म्हणून खुशीत होतो. पोरगी माझी नाही. माझी असायचा प्रश्नच नाही. मग पुढचा घास मोडत म्हणाले, बरं, करू अर्ज.

एवढंच. माझ्यावर आवाज चढवला नाही. का केलंस, असं विचारलं नाही. पत्र कुठे ठेवलंस, हेसुद्धा विचारलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी आणखीच पेटले. हा माणूस रागावत का नाही? रागवायला माणूस आपला लागतो, आणि हे अशा वेळी माझे नसतातच, असं मला वाटलं.

अर्ज झाला. गालातून कापसाच्या काडीने नमुने घेतले, यांचे आणि पोरीचे. महिन्याभराने निकाल आला की हे तिचे जनक नाहीत. मी तो कागद तीनदा वाचला. त्या दिवशी दुकानात मी गाणं म्हणत होते. हे मागे एका मोटारीचा पट्टा बदलत होते, तो त्यांना दिवसभर बसला नाही.

सुनावणीच्या सकाळी मी काजाच्या मशीनचं डोकं कलंडवलं, लिफाफा काढला आणि न बघता पिशवीत टाकला. डोकं किती सहज कलंडलं, तेवढं मात्र जाणवलं. बिजागरीला नवं तेल होतं.

कोर्टाची खोली अगदी साधी होती. सहा खुर्च्या, एक लांब टेबल, कोपऱ्यात पोरांसाठी खेळण्यांचं खोकं. न्यायाधीशबाईंच्या झग्याची बाही मीच मागच्या वर्षी आखूड केली होती, त्यांना आठवत नसावं. पहिली आणि बेकरीवाला एका बाजूला बसले, आम्ही दुसऱ्या. बेकरीवाल्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हात गुडघ्यांवर घट्ट ठेवले होते. भीती वाटत होती त्या माणसाला. दीड वर्षाची होत आली होती पोरगी, आणि कायद्याच्या लेखी तो तिचा कुणीच नव्हता. ती खोक्यातली एकेक वस्तू काढून त्याच्या बुटावर रचत होती.

मला उभं केलं. पहिलीच्या देखत, तिच्या त्या बेकरीवाल्याच्या देखत, मी सांगितलं की सही माझी, पत्र मी घेतलं आणि मी दिलं नाही. कारण विचारलं. मी म्हटलं, "मला तिचा मत्सर वाटत होता, बाई." कारकुनाने ते टंकून घेतलं. एखाद्याच्या पोटातली आग अशी सरकारी कागदावर उतरलेली बघणं बरं नसतं. पहिलीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तेवढी दया मात्र तिने दाखवली.

न्यायाधीशबाईंनी पत्र मागितलं. मी लिफाफ्यातून कागद ओढला, आणि माझा हात थांबला.

मी त्या कागदाला एकदा चार घड्या घातल्या होत्या. एकदाच. पण कागद घड्यांवर झिजून पार फडक्यासारखा मऊ झाला होता, मधल्या घडीवर तर चीर गेली होती. कित्येकदा उलगडून पुन्हा मिटल्याशिवाय कागद असा होत नाही. आणि जिथे त्या पोरीची जन्मतारीख आणि वजन लिहिलं होतं, तिथे कडेला अंगठ्याचा ठसा होता. मशीनच्या तेलाचा, पिवळसर, एकावर एक किती तरी वेळा उमटलेला.

लखलखीत मशीनं, पुसलेली फरशी, तू जाऊन ये निवांत. दर रविवारी मी आईला नवऱ्याचं कौतुक सांगत होते, आणि इथे हा माणूस मशीनचं डोकं उचलून आपली लेक वाचत बसलेला होता. आपली नसलेली. आपली नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत असूनही. मुदत कधी संपते तेही त्यात लिहिलेलं होतं, आणि यांनी ती संपू दिली होती. मला वाटत होतं मी लपवलंय.

न्यायाधीशबाई यांच्याकडे वळल्या. "हे पत्र तुम्ही याआधी कधी पाहिलं होतं का? नीट विचार करून सांगा. पाहिलं असेल तर मुदत संपलेली आहे आणि नोंद कायम राहील."

हे उभे राहिले. त्यांनी पत्राकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. बेकरीवाल्याच्या बुटावर रचलेल्या खेळण्यांकडे बघितलं. तो माणूस पाय तसूभरही न हलवता बसला होता, मनोरा पडू नये म्हणून. एक हो म्हणायचा अवकाश होता. हो म्हटलं असतं तर ती पोरगी जन्मभर यांची होती, आणि तो 'हो' खोटाही नव्हता.

"नाही," हे म्हणाले. "आज पहिल्यांदाच बघतोय."

मला बोलता आलं असतं. कागद माझ्याच हातात होता. नुसता अंगठा दाखवला असता तरी पुरे होतं. मी कागदाची ती बाजू आत जाईल अशी घडी घातली आणि कारकुनाच्या हातात दिली. पत्र मी दोनदा लपवलं, त्यातलं दुसरं कोर्टाने टंकलं नाही.

नाव पुसलं गेलं. बाहेरच्या व्हरांड्यात बेकरीवाल्याला रडू आवरेना. त्याने हात पुढे केला, आणि यांनी हात स्वच्छ असूनही मनगट दिलं. पहिली म्हणाली, "थँक्स रे." त्या 'रे'चं मला काही वाटलं नाही. मला पोरीचं वाटत होतं. अंगात ऊब नाही, आवाज नाही, नुसता एक कागद होती ती, आणि तेवढ्यावर हा माणूस वर्षभर रविवारचा लवकर उठत होता. माझ्यासाठी तो कधी लवकर उठला नाही. आजही मला तिचा हेवा वाटतो. अठरा महिन्यांच्या पोरीचा. लिहूनच ठेवा.

त्या रविवारी मी आईकडे गेले नाही. हेही उठले नव्हते. दहाच्या सुमारास उठले, तेलाची कुपी घेऊन दुकानात आले, माझ्या दोन्ही मशीनना तेल घातलं. मग सवयीने काजाच्या मशीनचं झाकण काढलं, डोकं कलंडवलं आणि हात तबकाखाली घातला. मी दारात उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "अहो, तिथे आता काही नाही."

"माहीत आहे," हे म्हणाले. पण हात लगेच बाहेर काढला नाही.